अण्णांची पाहणी

अण्णा लंडनला एकदाच आले, २०११ च्या मे महिन्यात. मुंबईचं विमान हीथ्रोच्या पाचव्या टर्मिनलला लागलं. गाडीत बसले, पट्टा लावला, काचेतून बराच वेळ बाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "एवढ्या माणसांचं मैलापाणी जातं कुठं गं?"

त्यांनी ३१ वर्षं तालुक्याच्या गावी नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून नोकरी केली. कुणाच्या लग्नाला गेलं की मांडवात शिरायच्या आधी ते मागल्या बाजूला चक्कर मारून यायचे, पंगतीचं पाणी कुठं सोडलंय ते बघायला. आईला संकोच वाटायचा. मला लहानपणी त्याचा अभिमान होता, कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली, आणि आता पुन्हा अभिमान वाटतो.

त्या वेळी मला आयझलवर्थमध्ये राहून नऊ वर्षं झाली होती. लंडनच्या पश्चिमेला, टेम्सच्या काठावरचं हे उपनगर. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. नळ सोडला की पाणी येतं, कळ दाबली की जातं, यापलीकडे मी नऊ वर्षांत विचार केला नव्हता.

उत्तर सापडलं ते त्यांच्या पायाखालीच. पाचवं टर्मिनल २००८ साली सुरू झालं, ते पेरी ओक्स नावाच्या जागेवर. त्याआधी कितीतरी वर्षं तिथं गाळाची तळी होती. मिडलसेक्स परगण्यातल्या लाखो घरांचं मैलापाणी शुद्ध केल्यावर जो गाळ उरायचा, तो मॉग्डनच्या मैलाकेंद्रातून सुमारे ७ मैल लांबीच्या नळातून तिथं ढकलला जायचा आणि उन्हावाऱ्यावर वाळायचा. चिखलात चोच खुपसणारे पाणपक्षी त्या तळ्यांवर उतरायचे आणि त्यांना बघायला माणसं दुर्बिणी घेऊन यायची. अण्णांनी परदेशात पहिलं पाऊल टाकलं ते जुन्या गाळवाफ्यांच्या जागेवर. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले, की रात्री गावाकडे फोन करून माझ्या काकांनाही त्यांनी ते सविस्तर सांगितलं.

आणि ते मॉग्डन आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

त्याची गोष्ट अशी. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ४० लाख नवी घरं उभी राहिली. त्यांतली कितीतरी लंडनच्या कडेकडेनं. हेस्टन, आयझलवर्थ ही तोवर मळ्यांची आणि फळबागांची गावं होती. पहाटे भाजीच्या गाड्या लंडनच्या बाजाराला जायच्या आणि परतताना शहरातली लीद आणि घाण खतासाठी घेऊन यायच्या. आपल्याकडे त्याला सोनखत म्हणतात. शहराचं पोट आणि गावाची माती यांचा तो जुना, सरळ व्यवहार होता. मग मळ्यांचे प्लॉट पडले, जोडघरांच्या रांगा आल्या, प्रत्येक घराला पुढं बाग आणि आत पाण्याचा संडास. १९३२ साली हेस्टन आणि आयझलवर्थ मिळून म्युनिसिपल बरो झाला, म्हणजे सनद, महापौर, कौन्सिल असं सगळं असलेली नगरपालिका. १९५१ च्या खानेसुमारीत तिथं लाखाच्या वर माणसं होती आणि सबंध मिडलसेक्समध्ये साडेबावीस लाखांच्या वर.

एवढ्या माणसांचं सोनखत घ्यायला आता मळेच उरले नव्हते. गावोगावची जुनी मैलाकेंद्रं लहान होती. त्यांचं पाणी जवळच्या ओढ्यात सुटायचं आणि वरच्या गावानं सोडलेलं खालच्या गावाच्या दारावरून वाहायचं. शेवटी परगण्याच्या कौन्सिलनं पश्चिम भागासाठी एकच मोठं केंद्र बांधलं. ते मॉग्डन. १९३६ साली ते सुरू झालं आणि त्याच्या जिवावर २८ लहान केंद्रं बंद करता आली. अण्णांना या आकड्याचं सगळ्यात जास्त नवल वाटलं. "अठ्ठावीस जणांनी आपापलं गटार दुसऱ्याच्या ताब्यात दिलं," ते म्हणाले. "आमच्याकडं दोन वॉर्डांचं एक गटार करायचं म्हटलं तर पाच वर्षं सभा चालायच्या."

मॉग्डनमध्ये काय चालतं ते त्यांनीच मला स्वयंपाकघरात समजावून सांगितलं, दह्याचं पातेलं पुढ्यात ओढून. मैलापाण्यात हवा सोडत राहायची. हवेवर जगणारे जिवाणू त्यातली घाण खातात, वाढतात आणि शेवटी गाळ होऊन तळाशी बसतात. त्या गाळातला थोडा काढून पुढच्या पाण्यात घालायचा. "विरजणच की ते," अण्णा म्हणाले. १९१४ साली मँचेस्टरमध्ये दोघा रसायनतज्ज्ञांनी ही रीत जगापुढं मांडली. अण्णांच्या विरजणाहून तिचं चांगलं वर्णन माझ्या वाचनात अजून आलेलं नाही. उरलेला गाळ बंद टाक्यांत कुजवला की गॅस निघतो, त्या गॅसवर इंजिनं चालतात आणि त्या इंजिनांच्या जोरावर पुन्हा पाण्यात हवा सोडली जाते.

मैल्याच्या गॅसवर इंजिन चालवण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत मुंबईचं नाव येतं, हे मात्र अण्णांनाही माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतला गॅस धरला गेला आणि पुढे त्यावर इंजिन चाललं. तो आश्रम १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांनी काढला. आज वडाळ्याला त्यांच्या नावाचं रुग्णालय आहे. याच ॲकवर्थांनी शाळिग्रामांना बरोबर घेऊन मराठ्यांचे पोवाडे गोळा केले. पोवाडे जमवणारा माणूस आणि कुष्ठरोग्यांना छप्पर देणारा माणूस एकच असावा, हे मला फार आवडतं.

*

अण्णांचा मुक्काम दीड महिन्याचा होता. राजवाडा, पूल, मेणाचे पुतळे बघून झाले. मग एका पावसाळी दुपारी मी त्यांना जुने आरोग्य अहवाल दाखवायला नेलं. लंडन आणि आसपासच्या प्रत्येक बरोचा आरोग्याधिकारी दरवर्षी कौन्सिलला अहवाल द्यायचा. १८४८ ते १९७२ पर्यंतचे असे साडेपाच हजारांवर अहवाल वेलकम ग्रंथालयानं जपून ठेवले आहेत. मला वाटलं होतं, दहा मिनिटं चाळतील आणि चहाला चला म्हणतील. ते चार तास उठले नाहीत.

साहित्यातलं इंग्रजी त्यांना जड जायचं. हे इंग्रजी मात्र त्यांच्या रोजच्या टेबलावरचं होतं. नोटिसा बजावल्या इतक्या, पूर्तता झाली इतक्यांची. नाल्यांची तपासणी. चोंदलेली गटारं मोकळी केली. उंदीर-घुशी. फुटके कचऱ्याचे डबे बदलायला लावले. ढेकूण झालेल्या खोल्यांना धुरी दिली. खाण्यास अयोग्य म्हणून नष्ट केलेलं मांस, इतके पौंड. फुगलेले डबे, इतके. पोहण्याच्या तलावाच्या पाण्याचे नमुने. पानामागून पान. गटार फुटलंय का हे बघायला त्यात धूर सोडायचा आणि तो कुणाच्या मोरीतून, कुठल्या भिंतीतून बाहेर येतो ते बघायचं, ही धुराची चाचणी वाचून त्यांनी पानावर बोट ठेवलं. "हे आम्हाला शिकवलं होतं," ते म्हणाले, "मुंबईला, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या डिप्लोमाला. करायला कधी मिळालं नाही. गावात बंद गटारच नव्हतं."

या पदाचं जुनं कायदेशीर नाव १८७५ च्या कायद्यात आहे ते उपद्रव निरीक्षक. मग सॅनिटरी इन्स्पेक्टर झालं आणि १९५६ साली पार्लमेंटनं खास कायदा करून पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर केलं. आपल्याकडे मात्र मधलं नाव टिकलं. अण्णांच्या दारावरच्या पाटीवर शेवटपर्यंत तेच होतं.

क्रॉयडनची हकिगत मी मुद्दाम काढून दिली नव्हती, ती त्यांनाच सापडली. क्रॉयडन हे लंडनच्या दक्षिणेचं मोठं, सुखवस्तू उपनगर. १९३७ च्या शरद ऋतूत तिथं विषमज्वर पसरला. ३४१ माणसं आजारी पडली, ४३ दगावली. ॲडिंग्टनच्या विहिरीचं पाणी गावाला जायचं. त्या विहिरीत दुरुस्तीचं काम चालू होतं आणि आत उतरणाऱ्या कामगारांत एक जण विषमज्वराचा वाहक होता. स्वतः धडधाकट, पण जंतू पोटात बाळगणारा. त्याचं दुखणं पहिल्या महायुद्धातलं होतं. नेमकं त्याच काळात त्या विहिरीचं पाणी गाळलं जात नव्हतं आणि क्लोरीनही पडत नव्हतं. विहिरीत माणसं काम करताहेत हे पाणी सांभाळणाऱ्यांना माहीत होतं, पण आरोग्याधिकाऱ्याला कुणी कळवलंच नव्हतं. चौकशीत निघालं ते हेच: एका खात्यानं दुसऱ्या खात्याला सांगितलं नाही. मुलीला विषमज्वर झालेला एक बाप कोर्टात गेला आणि कोर्टानं कौन्सिलचा हलगर्जीपणा मान्य केला. त्यानंतर देशभर सार्वजनिक पाण्यात क्लोरीन घालणं ही नेहमीची रीत झाली.

अण्णांनी चष्मा काढला. बराच वेळ बोलले नाहीत. मी सातवीत असताना आमच्या गावात काविळीची साथ आली होती. पिण्याचा नळ गटारातून गेलेला, नळाला चीर, आणि पाणी बंद असलं की गटाराचं पाणी आत ओढलं जायचं. चीर अण्णांनी शोधली, पण त्याला तीन आठवडे लागले. नळाचा नकाशा दुसऱ्या खात्याच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. त्या तीन आठवड्यांत आमच्या गल्लीतली एक पोटुशी बाई गेली. पाणी गाळलं नाही, क्लोरीन घातलं नाही, कळवलं नाही. या तीन गोष्टी अण्णांनी बोटांवर मोजल्या आणि मूठ मिटली.

आइसक्रीमचं पान त्यांना आवडलं. १९४६ साली वेल्समध्ये ॲबरिस्टविथ या समुद्रकाठच्या गावी आइसक्रीममधून विषमज्वर पसरला. आइसक्रीम करणाराच वाहक निघाला. पुढच्या वर्षी नियम आला: मिश्रण आधी ठरावीक उष्णतेला तापवायचं, मग लगेच थंड करायचं. पन्नाशीच्या दशकात उपनगरांतले इन्स्पेक्टर उन्हाळाभर गाड्यांवरून आणि दुकानांतून नमुने गोळा करत. नमुन्यात मिथिलीन ब्लू हा निळा रंग घालायचा. जंतू जितके जास्त तितका रंग लवकर उडतो. निळा टिकला तर माल चांगला. त्यावरून मालाची चार प्रकारांत प्रतवारी लावत. दुधाला हीच परीक्षा आपल्या दूध डेअऱ्यांत अजून लावतात. माझ्या लहानपणी अण्णांच्या कचेरीत लाकडी स्टँडवर काचेच्या नळ्या असायच्या, आणि शाळेतून येताना मी खिडकीतून डोकावून बघायचे, कुणाचं दूध अजून निळं आहे.

*

आयझलवर्थमध्ये शंभर वर्षं पिअर्स साबण बनत होता, १८६२ पासून १९६२ पर्यंत. हे कळलं तेव्हा मला आमचं न्हाणीघर आठवलं. अण्णांसाठी लाल लाइफबॉय, बाकीच्यांना मिळेल तो, आणि धाकट्या भावासाठी थंडीत पिअर्सची एक वडी, जिच्या आरपार मी खिडकीचा उजेड बघायचे. या साबणाच्या जुन्या जाहिराती उघडउघड सांगायच्या, की सावळ्या लोकांना स्वच्छता शिकवणं हे गोऱ्यांचं कर्तव्य आहे. १८९९ सालची एक तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. जाहिरात आमच्यापर्यंत पोचली नव्हती, तिचा अर्थ मात्र पोचला होता. "गोऱ्यांचं बघा, किती टापटीप, रक्तातच असतं त्यांच्या," हे मी शाळेतल्या बाईंकडून, नातेवाइकांकडून, एस.टी.तल्या अनोळखी माणसांकडून ऐकलंय. अण्णाही म्हणायचे. शिकताना त्यांच्यापुढे प्रत्येक नमुना इंग्लंडचा होता.

आणि १९५१ च्या खानेसुमारीत याच देशातल्या दर १०० कुटुंबांपैकी ३७ कुटुंबांच्या घरात अंघोळीची बसवलेली जागाच नव्हती. जस्ताचं घंगाळ भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं असायचं. शुक्रवारी ते शेगडीपुढं खाली यायचं, पाणी तापवून त्यात ओतायचं आणि एकामागून एक सगळ्यांनी त्याच पाण्यात अंघोळ करायची. माझ्या शेजारच्या बाई १९४६ च्या. त्यांनी हे अण्णांना सांगितलं, मी मध्ये बसून मराठीत. त्यांचं माहेर उत्तरेकडच्या एका कापडगिरणीच्या गावचं. अण्णांनी विचारलं, "मग शेवटचा नंबर कुणाचा?" बाई म्हणाल्या, "वडिलांचा." अण्णांनी मान हलवली.

त्याच बाईंनी दुसरीही गोष्ट सांगितली. पाच वर्षांच्या असताना त्यांना स्कार्लेट फिव्हर झाला आणि साथीच्या इस्पितळात नेऊन ठेवलं. पुण्यात नायडू हॉस्पिटल म्हटल्यावर जुन्या माणसांना जे आठवतं, तसलं. आईबापांनी आत यायचं नाही. रविवारी खिडकीबाहेर उभं राहून हात हलवायचा. प्रत्येक मुलाला नंबर दिलेला असायचा आणि गावच्या वर्तमानपत्रात नंबरवार छापून यायचं, कोण गंभीर, कोण सुधारतंय. आई रोज दाराशी उभी राहून पेपरवाल्याची वाट बघायची. सहा आठवड्यांनी घरी आल्या तेव्हा कापडाची बाहुली मागेच ठेवावी लागली. तीत जंतू असतील म्हणून. साठ वर्षांनंतर त्या बाहुलीबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलला.

घटसर्पाची मुलंही अशाच वॉर्डांतून असायची. आजच्या आईबापांना घटसर्प हा शब्द लसीच्या कार्डावरच भेटतो. घशात करडा पापुद्रा धरतो आणि पोर गुदमरतं. १९४० साली ब्रिटनमध्ये या रोगाच्या ६१ हजारांवर नोंदी झाल्या आणि ३,२८३ जण मेले. त्याच सुमाराला, ऐन युद्धात, देशभर लस टोचायला सुरुवात झाली. १९५७ साली रुग्ण ३८ आणि मृत्यू ६. या दोन आकड्यांच्या मध्ये सतरा वर्षं निरनिराळ्या बरोंतल्या नर्सा सायकलवरून घरोघर फिरत होत्या आणि न आलेल्या मुलांची कार्डं वेगळी काढत होत्या. १९५९ च्या एप्रिलमध्ये जेफ हॉल हा इंग्लंडचा तरुण फुटबॉलपटू पोलिओनं गेला, आणि तोवर टाळाटाळ करणारी तरुण मंडळी पोलिओच्या लसीसाठी रांगा लावू लागली.

क्षयाच्या पानांशी मी थांबले. युद्धानंतर छातीचे एक्स-रे काढणाऱ्या गाड्या उपनगरांच्या चौकांत उभ्या राहायच्या, कारखान्यांच्या दारात, बाजारात. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं, १९५३ पासून शाळकरी मुलांना बीसीजी आली आणि क्षयाची कोष्टकं वर्षागणिक लहान होत गेली. साठीच्या दशकात त्याच कोष्टकांना नवा रकाना जोडला जाऊ लागला: बाहेरून आलेले. पंजाबी, पाकिस्तानी, वेस्ट इंडियन. एका खोलीत इतकी माणसं, इतक्यांच्या छातीवर डाग. लिहिणाऱ्याच्या मनात आकस दिसत नव्हता, काळजीच होती. तरी आपली माणसं रकान्यात शिरताना बघणं सोपं नसतं. २००२ साली मी या देशात उतरले तेव्हा हातातल्या पिशवीत पुण्याहून काढून आणलेली छातीच्या एक्स-रेची मोठी फिल्म होती. विमानतळावर ती उजेडाला धरून बघितली गेली तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. अण्णांना हे त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ते म्हणाले, "बघायलाच पाहिजे. मी असतो तर मीही बघितलं असतं." आणि मग जरा वेळानं, "पण तुला आधी पाणी विचारलं असतं."

धुरक्याबद्दल फार लिहीत नाही, त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. १९५२ च्या डिसेंबरात ५ ते ९ तारखेपर्यंत लंडन पिवळ्या-काळ्या धुरक्यात बुडालं. त्या वेळच्या हिशेबानं ४ हजार माणसं गेली, पुढच्या अभ्यासांनी आकडा १२ हजारांवर नेला. मला त्यातलं एकच सांगायचंय. सर ह्यू बीव्हर यांच्या समितीनं दाखवून दिलं, की धुरातला जवळपास निम्मा भाग घरगुती शेगड्यांचा होता. म्हणजे त्या नव्या, देखण्या जोडघरांच्या दिवाणखान्यातला. १९५६ चा कायदा झाल्यावर इन्स्पेक्टर घरोघर फिरून शेगड्या मोजू लागले. शेगडी बदलायच्या वाजवी खर्चातले दहातले सात हिस्से अनुदानातून मिळत. तरी लोकांचा जीव तुटायचा, कारण शेगडीभोवती घर बसायचं. आमचा तांब्याचा बंब मोडीत काढला त्या दिवशी आजी जेवली नव्हती. त्यामुळे मला त्या लोकांचं दुःख कळतं, आणि शेगडी मोजायला दारात उभ्या राहिलेल्या इन्स्पेक्टरचंही.

अहवालांत म्हाताऱ्यांचं पान वेगळं असतं. १९४८ च्या एका कायद्याच्या ४७ व्या कलमानं आरोग्याधिकाऱ्याला अधिकार दिला होता, की एकटं, आजारी, घाणीत राहणारं आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारं माणूस असेल तर कोर्टाच्या हुकमानं त्याला इस्पितळात हलवायचं. अण्णांनी ते दोनदा वाचलं. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि ते गावी एकटेच राहत होते. "म्हणजे त्याला नको असलं तरी?" त्यांनी विचारलं. मी होय म्हटलं. त्यांनी पान उलटलं.

*

परत येताना बसमध्ये ते अचानक बोलू लागले, जणू मी काही विचारलं होतं.

आमच्या गावात १९८० च्या पुढंही टोपलीचे संडास होते. पहाटे मागल्या बोळातून बाया यायच्या, पत्र्याच्या झडपेतून टोपली ओढायच्या, डोक्यावर घ्यायच्या. अण्णांच्या हाताखाली अशा चौदा बाया होत्या. त्यांची हजेरी अण्णा घ्यायचे. सगळ्यांची पूर्ण नावं त्यांना पाठ होती आणि त्या दिवशी बसमध्ये त्यांनी ती एकामागून एक घेतली. पावसाळ्यात टोपली गळायची. कोपरापर्यंतचे हातमोजे आणि रबरी बूट मागणारा अर्ज त्यांनी सहा वेळा केला होता. बूट आले, सगळे पुरुषांच्या मापाचे.

"मी समजत होतो, इथल्या लोकांच्या अंगातच स्वच्छता आहे," ते म्हणाले. "तसं काही नाही. यांच्याकडं पण घाण होती, पोरं मरत होती, खाती एकमेकांना कळवत नव्हती. मैला उचलणारी माणसं पण होती, रात्री गाडी घेऊन यायची. पण त्यांना मजुरी द्यावी लागायची, आणि ती सोडून जाऊ शकायची. म्हणून यांना नळ टाकायची घाई. आपल्याकडं जातीनं माणूस बांधून दिलेला. नळाची घाई कुणाला असणार?"

ते भाषण करणारे नव्हते. ३१ वर्षांच्या नोकरीत साहेबांपुढं आवाज चढवला असेल तर एकदोनदा. हे बोलतानाही आवाज खालचाच होता. १९९३ साली कायद्यानं ती प्रथा बंद झाली तेव्हा त्यांच्या चौदांपैकी अकराच बाया हयात होत्या, एवढं ते शेवटी म्हणाले आणि घर येईपर्यंत बाहेर बघत बसले.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांना मॉग्डन दाखवलं. ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलँडची नदी म्हणतात ती खरं तर माणसांनी खणलेला जुना पाट आहे, गिरण्या चालवण्यासाठी काढलेला, आणि तो मॉग्डनच्या आवारातून वाहतो. त्याच्या कडेची पायवाट धरून आम्ही चाललो. कुंपणापलीकडे लांबच लांब टाक्या, त्यांत खळखळणारं तपकिरी पाणी, वर बगळे आणि सीगल पक्षी. अण्णा जाळीला हात धरून उभे राहिले. त्यांनी श्वास आत ओढला, मी नाकाला रुमाल लावला होता तो काढायला लावला आणि म्हणाले, "नीट घे. सडका वास आहे का? नाही. पहिल्या पावसानंतर ढेकळाचा येतो तसा आहे. हवा नीट मिळतेय त्याला."

आत पिवळं जाकीट घातलेला एक माणूस टाकीवरच्या पुलावरून चालला होता. अण्णांनी त्याला हात केला. त्यानंही केला. मग अण्णांनी मला विचारलं, "आत माणूस उतरतो का गं कधी?" मी म्हटलं, उतरत असेल, पण हवेचं यंत्र, दोर, वर उभी माणसं, असं सगळं असल्याशिवाय नाही. ते "हं" म्हणाले आणि पुलावरचा माणूस दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभे राहिले.

तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. कपाटात त्यांच्या डायऱ्या होत्या, दुकानदारांनी दिवाळीला दिलेल्या, निवृत्तीनंतरही दरवर्षीची एक. बहुतेक पानांवर वीजबिल, औषधं, कुणाचं लग्न. २०११ च्या डायरीत जून महिन्याच्या एका पानावर, त्यांच्या कचेरीतल्या रजिस्टरच्या पद्धतीनं, चार ओळी आहेत:

मॉग्डन, आयझलवर्थ. समक्ष पाहणी केली.
प्रवाह चांगला. हवा पुरेशी.
वास ओल्या मातीचा.
तक्रार नाही.